वाण लोकप्रिय, म्हणून दुबळे?

२००९ ची दिवाळी नुकतीच सरली होती. ब्रह्मपुरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात मी तेव्हा काम करीत असे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वैनगंगेपलीकडच्या वडशाहून नाट्यमंडळांची माणसे पोस्टरांसाठी पेन ड्राइव्ह घेऊन येत. अशाच एकातून ‘न्यू फोल्डर’ नावाचा पाहुणा आला. दिसायला फोल्डर, प्रत्यक्षात प्रोग्राम. मीच त्यावर दोनदा क्लिक केले. चार दिवसांत तिन्ही संगणक बसले. शेवटी डिस्क फॉरमॅट कराव्या लागल्या आणि हंगामाची सारी मांडणी गेली, कारण दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती.

“विंडोज सगळेच वापरतात, म्हणून व्हायरसही त्यालाच,” असे जो तो म्हणाला. मीही कितीतरी वर्षे हेच सांगत आलो. पुढे इतिहास चाळला, तेव्हा हे अर्धेच खरे असल्याचे ध्यानात आले.

खरा अर्धा भाग आधी पाहू. १९८२ मध्ये रिचर्ड स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या अमेरिकी मुलाने ‘एल्क क्लोनर’ लिहिला, तो त्या काळी घराघरांत आणि शाळांत पोचलेल्या ॲपल-२ साठी. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांचा ‘ब्रेन’ आयबीएम पीसीच्या फ्लॉपींवरून देशोदेशी गेला. फ्लॉपी हातोहात फिरायची तर समोर तेच यंत्र हवे. म्हणजे संख्या वाढली की रोगाला वाट मिळते, आणि चोरालाही मेहनतीचे मोल मिळते.

पण २००१ चा जुलै या समजुतीला छेद देतो. तेव्हा जगातल्या निम्म्याहून अधिक संकेतस्थळांमागे अपाची हे सर्व्हर सॉफ्टवेअर होते. मायक्रोसॉफ्टचे आयआयएस बरेच मागे. तरी ‘कोड रेड’ने १९ जुलैला चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक यंत्रे गाठली, ती आयआयएसचीच. लोकप्रियतेचा नियम पुरेसा असता, तर फटका अपाचीला बसायला हवा होता. आयआयएसमधली फट बुजवणारी दुरुस्ती महिनाभर आधीच उपलब्ध होती. असंख्य यंत्रांवर ती बसवलेलीच नव्हती.

दुसरा पुरावा आमच्या दुकानाच्या दुखण्याशी जवळचा आहे. त्या काळचे कित्येक व्हायरस पेन ड्राइव्ह लावताच ‘ऑटोरन’ या सोयीतून आपोआप सुरू होत. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टावर ही सोय अपडेटद्वारे बंद केली. पुढच्या काही महिन्यांत अशा व्हायरसांचा संसर्ग लक्षणीय घटला. विंडोजचे वापरकर्ते तेवढेच होते. बदलला तो दरवाजा.

धानाच्या मुलखात हे समजायला सोपे जावे. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून काढलेले एचएमटी हे वाण दूरदूरच्या बांध्यांत पोचले. एकाच वाणाचे सलग क्षेत्र किडीला सोयीचे असते, हे खरे. पण तुडतुडा माजतो तो दाट रोवणी, युरियाचा मारा आणि बांधीत साचून राहिलेले पाणी यांमुळे. रोवणीत मोकळे पट्टे सोडणाऱ्याचे आणि खत बेताने देणाऱ्याचे तेच वाण पुष्कळदा वाचते. २००३ मध्ये डॅन गिअर यांच्यासह सात तज्ज्ञांनी एका अहवालात विंडोजच्या मक्तेदारीवर नेमका हाच इशारा दिला होता: सगळीकडे एकच पीक असले की एक फट सगळ्यांची होते.

म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवतो. लोकप्रियता ठरवते नजर कुणावर पडेल. दुबळेपणा ठरतो रचनेतून आणि वापरातून. पहिली गोष्ट आपल्या हाती नाही. दुसरी बरीचशी आहे.

आज आमच्याकडे बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड फोन आहे. पीएम किसानच्या नावाने बनावट एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते. ती उघडून परवानगी दिली की बँकेचे खाते रिकामे होऊ शकते. ‘फोनच तसला’ म्हणून सोडून दिले, तर धान विकून आलेला पैसा जाईल आणि शिकण्यासारखे काही उरणार नाही. ‘न्यू फोल्डर’वर मी क्लिक केले होते, तेव्हा मीही विंडोजलाच दोष दिला होता. दुसरी प्रत का ठेवली नाही, हा प्रश्न स्वतःला विचारायला मला फार वर्षे लागली.