लोणी काळभोर : सोलापूर रस्त्यावरील गाव

पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यातील मोठे गाव. पुण्याच्या पूर्वेस सुमारे १८ किमी., पुणे–सोलापूर रस्त्यावर. हडपसर आणि कवडीपाट मागे टाकून आलेला हा रस्ता पुढे उरुळी कांचन, यवत, पाटस, इंदापूर करीत सोलापूरला व तेथून हैदराबादकडे जातो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्र. ९ होता, २०१० च्या फेरक्रमांकनात ६५ झाला. बोलण्यात मात्र ‘सोलापूर रोड’ हेच नाव टिकून आहे.

गावाजवळून जाणारा, पुण्याहून दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. जुन्या गावठाणाइतकीच वर्दळ आज लोणी स्टेशन चौकात असते. मुंबईहून नळवाहिनीने येणारे इंधन येथील आगारात साठवतात व टँकरने पुढे पाठवतात. राज कपूर यांची राजबाग याच परिसरातली; तेथे आता एमआयटीचे विद्यापीठ आहे.

सोलापूर रस्त्याचे खरे मोठेपण आषाढी वारीत कळते. संत ज्ञानेश्वरांची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे वळते, तर संत तुकारामांची पालखी सोलापूर रस्ता धरते. पुणे सोडल्यावर तिचा पहिला मुक्काम लोणी काळभोरला. दिंड्या येण्याआधीच घरोघरी चुली पेटलेल्या असतात. ओसरीवर, शाळेत, देवळात, जागा मिळेल तिथे पथाऱ्या पडतात. एरवी अवजड वाहनांच्या धाकाने कडेकडेने चालणारा माणूस त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध टाळ वाजवीत चालतो. दुसऱ्या दिवशी यवतला वारकऱ्यांना पिठलं-भाकरी मिळते. पाटसनंतर पालखी बारामतीकडे वळते.

कवडीपाट ते कासुर्डी हा पट्टा खासगीकरणातून चौपदरी झाला. तेथील टोलवसुली २०१९ मध्ये थांबली. वस्ती आता थेट रस्त्याला येऊन भिडली आहे. त्यामुळे सलग सेवारस्ते आणि पायी चालणाऱ्यांना निर्धोक ओलांडता येईल अशी सोय, ही येथली पहिली गरज मानली पाहिजे.

गावाच्या दक्षिणेला डोंगराच्या बाजूस रामदरा हे तळ्यातले देवस्थान आहे. पूर्वेच्या थेऊर फाट्यावरून अष्टविनायकांपैकी चिंतामणीच्या थेऊरला जाता येते. थोरले माधवराव पेशवे तेथेच १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले. तोच फाटा पुढे मुळा-मुठा ओलांडून केसनंदमार्गे नगर रस्त्याला मिळतो.