‘माणूस’ की ‘पुरुष’?

१९६८च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मेम्फिस शहराचे सुमारे तेराशे कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले. कचऱ्याच्या गाडीतील दाबयंत्रात सापडून त्यांचे दोन सहकारी नुकतेच मरण पावले होते. पुढे संपकऱ्यांच्या हाती आणि गळ्यात जे फलक दिसले, त्यांवरील वाक्याचा अनुवाद आम्ही वर्गात ‘मी माणूस आहे’ असा करीत आलो. तो चुकीचा नाही; अपुरा आहे. गोरे लोक वयस्क कृष्णवर्णीयालाही ‘बॉय’ म्हणत. त्या हेटाळणीला दिलेल्या उत्तरात ‘मॅन’ हा शब्द माणूस आणि पुरुष असे दोन्ही अर्थ वाहतो. मराठीत एक निवडावा लागतो, आणि दुसरा निसटतो.

हा निसटलेला अर्थ समजून घ्यायचा, तर शहरातील गरीब वस्तीत शिरावे लागते. १९६५च्या मॉयनिहन अहवालात बेकारीची दखल होती. पण भर होता तो कुटुंबाच्या विघटनावर आणि त्यातील स्त्रीप्रधानतेवर. एलियट लीबो ह्या अभ्यासकाने मात्र वॉशिंग्टनमधील एका नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पुरुषांमध्ये वावरून ‘टॅलीज कॉर्नर’ (१९६७) हा ग्रंथ लिहिला. त्यातील एक प्रसंग बोलका आहे. रोजंदारीसाठी माणसे शोधणारा एक ट्रकवाला नाक्यावर येतो, बहुतेकांकडून नकार घेतो आणि त्यांना आळशी ठरवून निघून जातो. लीबो एकेकाची चौकशी करतो. कुणाची पाळी रात्रीची, कुणाची आज सुट्टी, कुणाचे शरीर अधू. कामे आहेत, पण त्यांतून संसार चालत नाही. मग मोडलेल्या संसाराचे कारण हे पुरुष आपल्या ‘अनावर पौरुषा’त शोधतात. मिळवता नवरा होता आले नाही, ह्या शल्यापेक्षा ती बढाई सोसवते.

येथे थांबणे मात्र सोयीचे ठरेल. त्या बढाईची किंमत स्त्रियांनी मोजली, हे मिशेल वॉलेस ह्या कृष्णवर्णीय लेखिकेने १९७९मध्ये रोखठोक मांडले. वेतन आणि सन्मान नाकारल्याने पुरुषाला झालेली जखम खरी. तिच्यावर घरात गाजवलेली सत्ता हा इलाज नव्हे.

ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२मध्ये दलित पँथर उभी राहिली. आपल्या दलित साहित्याच्या चर्चेतही ‘माणूस’ हाच मध्यवर्ती शब्द. त्या शब्दाआड पुरुष किती आणि स्त्री किती, हे आम्ही विद्यार्थ्यांना कधी विचारले आहे काय?