साचेखात्याचे दार

माणसांनी एकत्र काम करावे, एकमेकांस सांभाळून घ्यावे आणि त्यातूनच उत्पादनही वाढावे, या विषयावरील इंग्रजी ग्रंथांत अहमदाबादचे नाव पुनःपुन्हा येते. १९५३ साली लंडनच्या टॅविस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिल्समध्ये आले. आदल्या वर्षी तेथील एका खात्यात स्वयंचलित माग बसवले होते, आणि माग नवे असूनही कापड मात्र अपेक्षेइतके निघत नव्हते. २२४ माग, २९ कामगार आणि त्यांच्यात वाटलेली बारा प्रकारची कामे, अशी ती रचना होती. विणणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तुटलेले ताणे सांधणारा वेगळा, तेल घालणारा आणि झाडणाराही वेगळा. विणकराच्या वाट्याला जितके माग, तितकेच कांड्या भरणाऱ्याच्या वाट्याला नसत. त्यामुळे कोणाची मदत कोणाला, हे ठरलेलेच नव्हते. एकोणतीस माणसे एका छपराखाली होती, पण त्यांचा गट असा नव्हता.

राइस यांनी सुचवलेला उपाय साधा होता: ठराविक मागांची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी. ही कल्पना कानी पडताच कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी ती आपलीशी केली व सात-सात जणांचे गट स्वतःच जुळवले. सोबती कोण, हे त्यांचे त्यांनी ठरवले. मागांची कार्यक्षमता शंभरात सुमारे ८० होती ती ९५ वर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० वर उतरले. पाश्चात्य तज्ज्ञाने भारतीय कामगाराला शिस्त लावली, अशी ही कथा नाही. कामगाराच्या शहाणपणाला वाव दिला की काय होते, याची ती कथा आहे. म्हणूनच ती आम्हाला प्रिय आहे, आणि म्हणूनच तिच्या कडेला राहून गेलेला एक प्रश्न आम्हाला सोडवत नाही. सोबती निवडण्याचा हक्क खात्यात असलेल्यांना मिळाला. पण विणण्याच्या खात्यात मुळात येऊ कोण शकत होते?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या गिरणगावाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. गिरणीच्या बोलीत माग म्हणजे साचा, विणकर म्हणजे साचेवाला. साचेखात्यातील मजुरी कातण्याच्या खात्यापेक्षा चांगली, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींना मज्जाव. कारण धोट्यात होते. कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या बारीक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्याही तोंडी जाई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने हीच रीत १९११ साली कायद्याने थांबवली, ती रोगाच्या भीतीने. आमच्याकडे त्याच धोट्यात क्षयापेक्षा विटाळ अधिक दिसला. अहमदाबादेतही दलित कामगार मुख्यत्वे कातण्याच्या खात्यांत एकवटलेले होते.

मुंबईत १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मागण्यांत घातला नाही, तर आपण त्या कामगारांना संपापासून परावृत्त करू, असे त्यांनी बजावले. पुढाऱ्यांनी ती मागणी नाइलाजाने घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांचे उत्तर असे, की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. चरित्रकार धनंजय कीर यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. कामगारांनी बोट दाखवावे मालकाकडे, मालकाने कामगारांकडे, आणि दार मात्र बंदच राहावे! वास्तविक गटभावना साचेखात्यात कमी होती असे म्हणता येणार नाही. साचेवाले संपात सर्वांत पुढे असत. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्याचा माणूस कामावर लावी. खाणावळ एक, तालीम एक, चाळही पुष्कळदा एकच. अडल्यानडल्याला उभे राहणारे हे जाळे होते. माणसाला जे सांभाळीत होते, तेच दुसऱ्याला बाहेर ठेवीत होते.

मानसशास्त्राच्या इतिहासात हे एकट्या अहमदाबादचे आहे असे नव्हे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोग तर या शास्त्राचे तीर्थस्थानच. तेथे १९२७ साली रिले जुळवणाऱ्या मोजक्या तरुणींना वेगळ्या खोलीत बसवले. आधी दोन अनुभवी मुली निवडल्या आणि उरलेल्या त्यांनाच निवडू दिल्या. म्हणजे खोली मैत्रिणींचीच झाली. पुढे, जानेवारी १९२८ मध्ये, फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून दोघींना काढून त्यांच्या जागी दोन नव्या आणल्या. नंतर जगभर जी कथा पसरली ती आपुलकीने वाढलेल्या उत्पादनाची. काढलेल्या दोघी त्या कथेत ओझरत्याच येतात. मिळतेजुळते घेणारा संघ तयार करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे न जुळणाऱ्याला बाहेर ठेवणे, हे त्या खोलीने नकळत दाखवून दिले होते. आजच्या कचेऱ्यांतील कार्यशाळांत हॉथॉर्नचा उल्लेख होतो तेव्हा आमचे कान या दोघींकडे असतात.

आता कॅलिकोकडे पुन्हा वळू. स्वयंचलित मागात धोट्यात सूत आपोआप ओवले जाते. तोंड लावण्याची गरजच उरत नाही. अर्थात ज्या कारणासाठी दार बंद होते, ते कारणच यंत्राने नाहीसे केले होते. तरीही अहमदाबादच्या गिरण्यांतील जातवार खाती स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे टिकून राहिली. यावरून धोट्याचे कारण कितपत खरे होते, याचा अंदाज येतो. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी गिरणीच्या विणखात्याचा दाखला दिला, तसाच रेल्वेचाही. रेल्वेत तर धोटा नव्हताच. तेथे अस्पृश्याला पोर्टर करीत नसत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला वापरी.

अहमदाबादच्या प्रयोगानंतर एकाच वर्षाने, १९५४ मध्ये, गॉर्डन ऑलपोर्ट यांचा पूर्वग्रहावरील ग्रंथ आला. निरनिराळ्या समूहांतील माणसे नुसती शेजारी बसल्याने पूर्वग्रह जात नाही, असे त्याचे म्हणणे. दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी परस्परांवाचून अडायला हवे आणि संस्थेने या सर्वांमागे उघडपणे उभे राहायला हवे. पहिल्या तीन गोष्टी सात जणांच्या गटात आपसूक होत्या. चौथी मात्र गटाच्या हातची नव्हे. १९२८ साली मालकांनी जे उत्तर दिले, ते ऑलपोर्टच्या या चौथ्या अटीलाच दिलेले नकाराचे उत्तर होते. मात्र त्या वेळी ही अट कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नव्हती. ती एका पुढाऱ्याने तोंडी मांडली होती.

१९७० साली टॅविस्टॉकचेच एरिक मिलर त्या गिरणीत पुन्हा आले. स्वयंचलित मागांच्या मूळ खात्यात गटपद्धती बव्हंशी जशीच्या तशी चालू होती. इतरत्र, जेथे बाजाराचा ताण वाढला, कामगार बदलले आणि व्यवस्थापनाने गटांना त्या धक्क्यांपासून जपले नाही, तेथे जुनी रीत परतली होती. राइस यांनी प्रयोगाचे यश मोजले ते कार्यक्षमता आणि सदोष कापड या दोन आकड्यांनी. कातण्याच्या खात्यातून किती जण विणण्याच्या खात्यात आले, हा आकडा त्यांत नाही.