शब्द साक्षीला येतो तेव्हा

हल्ली दर दोन दिवसांनी एक पोस्ट फिरते. अमुक शब्दाची फोड करा, खरा अर्थ कळेल! मग त्या फोडीवरून कुणाचा इतिहास, कुणाचा हक्क, सगळं सिद्ध होतं. असं वाचलं की मला प्राचीन रोम आठवतं. तिथे व्युत्पत्ती हा फावल्या वेळचा खेळ नव्हता. तो पुरावा होता.

जुन्या रोमन कायद्यात होतं की 'अस्सिदुअस' माणसाचा जामीन 'अस्सिदुअस'च हवा. म्हणजे नेमका कोण? एलियस नावाच्या पंडिताने फोड केली: 'एस' म्हणजे पैसा, तो देणारा, म्हणून श्रीमंत. सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये 'टोपिका' या ग्रंथात हाच युक्तिवाद नमुना म्हणून दिला. आजचे अभ्यासक मात्र तो शब्द 'बसणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. शब्द श्रीमंतांसाठी वापरत असतीलही, पण फोड चुकली.

गंमत म्हणजे त्याच ग्रंथात सिसेरो म्हणतो, 'एटिमोलॉजिया' या ग्रीक शब्दाचं शब्दशः भाषांतर 'सत्यवचन' होईल. पण ते त्याला रुचलं नाही. त्याने 'खूण' या अर्थाचा लॅटिन शब्द घेतला. मला हे फार मोलाचं वाटतं. खूण दिशा दाखवते, निकाल देत नाही.

त्याच काळातला व्हॅरो बघा. लॅटिन भाषेवर त्याने 25 खंड लिहिले, आज सहाच उरलेत, तेही अपुरे. रोममधल्या अ‍ॅव्हेंटाइन टेकडीचं नाव कशावरून? पक्ष्यांवरून, एका राजावरून की लोकांच्या येण्यावरून? त्याने सगळी मतं मांडली. मग स्वतःचं सांगितलं: 'वाहून नेणे' यावरून. कारण पूर्वी भोवती दलदल होती, लोक तराफ्याने जात. ही व्युत्पत्तीही आज कुणी खात्रीची मानत नाही. पण त्याने शब्दाच्या जोडीला जमिनीची साक्ष काढली. शिवाय कबूल केलं की ज्ञानापर्यंत पोचलो नाही तर निदान अंदाज बांधीन, वैद्य बांधतो तसा.

पुढच्या शतकात क्विंटिलियनने अतिरेकाची टर उडवली. 'लुकस' म्हणजे देवराई. तिथे उजेड नसतो, म्हणून तिचं नाव उजेडावरून? असं म्हणायला लागलो तर काहीही सिद्ध होईल!

म्हणून मंडळी, पुढची फोड फॉरवर्ड करण्याआधी एकच विचारा: या शब्दाखेरीज दुसरा साक्षीदार कोण?