फिरत्या बशीची किंमत : एका लघुखेळाचा इतिहास-साधन म्हणून विचार

व्हिडिओ-खेळांच्या इतिहासाचे लेखन आजवर बहुतांशी यंत्रे, कंपन्या आणि नावाजलेले मोठे खेळ यांच्या आधाराने झाले आहे. मोठ्या खेळाच्या पोटात असणारे व मिनिटा-दीड मिनिटात संपणारे जे लघुखेळ, ज्यांना ‘मिनीगेम’ हे नाव रूढ आहे, त्यांची दखल फार तर करमणुकीची पुरवणी म्हणून घेतली जाते. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने ही उपेक्षा चालू ठेवणे इष्ट नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच्या समर्थनार्थ येथे एकच उदाहरण घ्यावयाचे आहे.

निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी ३० एप्रिल १९९९ रोजी जपानात ‘पोकेमॉन स्टेडियम २’ हा खेळ प्रसिद्ध झाला. इ. स. २००० मध्ये तोच ‘पोकेमॉन स्टेडियम’ या नावाने अमेरिकेत व युरोपात गेला. पहिला भाग जपानबाहेर गेलाच नसल्यामुळे क्रमांक गळाला. त्यातील ‘किड्स क्लब’ या विभागात नऊ लघुखेळ आहेत व त्यांपैकी एकाचे इंग्रजी नाव ‘सुशी-गो-राउंड’ असे आहे. लिकिटंग नावाचे लांब जिभेचे चार प्राणी फिरत्या पट्ट्याभोवती असतात. पट्ट्यावरून सुशी सरकत जाते. बटण दाबले की जीभ बाहेर पडते आणि पदार्थ गट्ट होतो. तिखट सुशी पोटात गेली तर प्राणी कासावीस होतो व मोलाचे क्षण वाया जातात. अखेरीस ज्याने खाल्लेल्या जिनसांची एकूण किंमत सर्वांत अधिक भरते, तो जिंकतो.

हा शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. खाणे हा व्हिडिओ-खेळांचा जुनाच विषय होय. १९८० च्या ‘पॅक-मॅन’चे नावच मुळी ‘पाकु पाकु’ या खाण्याच्या जपानी अनुकरणवाचक शब्दावरून आले (आपल्या ‘मटामट’, ‘गटागट’ यांचेच ते सगोत्र म्हणावयाचे). १९९३ च्या ‘कर्बीज अ‍ॅडव्हेंचर’मधील एका लघुखेळात अंडी गिळावयाची आणि बाँब टाळावयाचे, एवढेच काम होते. तेथे गुण हे खेळकर्त्यांनी ठरविलेले आकडे होत. सुशीच्या खेळात मात्र गुणांच्या जागी दुकानातील दर आले आहेत. हे दर कोठून आले, हे पाहण्यासाठी चाळीस वर्षे मागे जावे लागते.

१९५८ साली शिराइशी योशिआकी यांनी ओसाकाजवळच्या फुसे शहरात (१९६७ पासून हे हिगाशी-ओसाकात समाविष्ट आहे) ‘गेनरोकु’ हे पहिले फिरत्या सुशीचे दुकान उघडले. बिअरच्या कारखान्यात बाटल्या वाहणारा पट्टा पाहून त्यांना ही युक्ती सुचली होती. थोड्या माणसांत पुष्कळ गिऱ्हाईक कसे सांभाळावे, ही त्यांची मूळ अडचण. पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर असावा, असे त्यांनी ठरविले. या रचनेवर १९६२ साली त्यांना हक्कनोंदणी मिळाली. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. आणि १९७८ मध्ये हक्काची मुदत संपताच इतर व्यावसायिक या धंद्यात उतरले.

पट्ट्यामुळे श्रम वाचले, हे सर्वच सांगतात. परंतु अधिक दूरगामी बदल किंमतीच्या बाबतीत झाला. जुन्या पद्धतीच्या सुशीगृहात पुष्कळदा दर लिहिलेले नसत; बाजारभावाप्रमाणे आचारी सांगेल ती रक्कम द्यावयाची. फिरत्या दुकानांत बशीच्या रंगावरून दर ओळखण्याची पद्धत रूढ झाली. रंग आणि दर यांचा संबंध सर्वस्वी यादृच्छिक. भाषाभ्यासकास ज्या प्रकारची चिन्हव्यवस्था नित्य परिचयाची असते, तसलीच ही. जेवण संपले की रिकाम्या बश्यांची चळत मोजावयाची आणि हिशेब करावयाचा. सामान्य कुटुंबास सुशी परवडू लागली ती या पारदर्शकतेमुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

लघुखेळाने नेमका हा हिशेब उचलला व त्याची दिशा उलटी केली. दुकानात मोठे बिल ही चिंतेची बाब. खेळात तोच विजय. महाग बशीकडे हात नेताना वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्या बालकास ही मुभा किती सुखाची वाटली असेल! आर्थिक मंदीच्या त्या दशकात शंभर येनला एक बशी अशा एकाच दराच्या दुकानांचा जपानात प्रसार होत होता, हेही ध्यानात घ्यावे.

भाषांतरात मात्र हा संदर्भ पातळ झाला. जपानी ‘काइतेन-झुशी’ म्हणजे सरळ ‘फिरती सुशी’. इंग्रजी नावात जत्रेतील मेरी-गो-राउंडवर श्लेष आहे; म्हणजे भोजनगृहाची जागा जत्रेने घेतली. पाश्चात्य मुलांपैकी बहुतेकांनी असले दुकान तेव्हा पाहिले नसावे, हे जमेस धरता अनुवादकास दोष देता येत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये जपानमधील एका फिरत्या सुशीच्या दुकानात एका तरुणाने सोया-सॉसची बाटली चाटल्याचे चित्रण सर्वत्र पसरले. त्यानंतर काही दुकानांनी न मागविलेली सुशी पट्ट्यावर फिरविणे बंद केले. मागणी नोंदवावी आणि तेवढीच बशी समोर यावी, असा प्रकार सुरू झाला. त्याच वर्षी १२ एप्रिलला निन्टेन्डोने ‘पोकेमॉन स्टेडियम’ आपल्या स्विच यंत्राच्या सदस्यांसाठी पुन्हा उपलब्ध केला. त्यात चार लांब जिभा फिरत्या पट्ट्यावरील सुशी पूर्वीप्रमाणेच उचलीत आहेत.