नावाची झडती

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ विमान दोन काश्मिरी तरुणांनी लाहोरला पळवून नेले. त्यांचे पिस्तूल खेळण्यातले होते आणि हातबॉम्ब लाकडाचा. २० डिसेंबर १९७८ रोजी भोलानाथ आणि देवेंद्र पांडे यांनी लखनौहून दिल्लीला जाणारे विमान वाराणसीला उतरवायला लावले. हत्यार पुन्हा खेळण्यातलेच, मागणी इंदिरा गांधींच्या सुटकेची. पुढे दोघेही काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेशात आमदार झाले. पहिली घटना आम्हाला वारंवार ऐकवली जाते. दुसरीची आठवण करून दिली की लोक हसतात.

झडतीच्या इतिहासात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : तपासायचे काय, पिशवी की माणूस? अमेरिकेने आधी माणूस निवडून पाहिला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अपहरणकर्त्याच्या वागण्याची लक्षणे ठरवण्यात आली व त्यात बसणाऱ्या प्रवाशांचीच तपासणी होई. अपहरणे थांबली नाहीत. शेवटी ५ जानेवारी १९७३ पासून तिथे सर्वांचीच झडती सुरू झाली. पुढे निवडीचे काम संगणकाकडे गेले. ११ सप्टेंबर २००१ च्या एकोणीस जणांपैकी निम्म्याहून अधिक त्याने वेगळे काढलेही होते. पण नियमाप्रमाणे त्यांचे विमानात टाकायचे सामान तेवढे अडवून ठेवले गेले.

इस्रायलची रीत निराळी. तिथे यंत्रापेक्षा प्रश्नांवर भर : कुठून आलात, पिशवी कोणी भरली, कोणी काही दिले का? ही रीत निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. एप्रिल १९८६ मध्ये लंडनच्या हीथ्रोवर एका गर्भवती आयरिश तरुणीची पिशवी विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रातून बिनबोभाट पार झाली होती. एल अल कंपनीच्या माणसांनी विचारपूस केली तेव्हा पिशवीच्या खोट्या तळाखाली स्फोटके सापडली. ती तिथे ठेवणारा तिचा जॉर्डेनियन वाग्दत्त वर होता. तिला बिचारीला कशाचा पत्ताच नव्हता. पण याच देशाच्या लोद विमानतळावर ३० मे १९७२ रोजी सव्वीस माणसे मारली गेली, ती तीन जपान्यांच्या हातून. नजर अरबांवर असताना मृत्यू जपानी पारपत्र घेऊन आला. तरीही त्यानंतर इस्रायलच्याच अरब नागरिकांना वेगळ्या रांगेत उभे करणे थांबले नाही.

जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेने चौदा देशांच्या नागरिकांची कसून झडती घेण्याचा नियम काढला. यादीतून क्यूबा वगळला तर उरलेले बहुतेक देश मुस्लिमबहुल. नियम त्याच वर्षी एप्रिलमध्ये बदलावा लागला.

आपल्याकडे ‘गंगा’पासून कंदाहारपर्यंत (डिसेंबर १९९९) बरेच सोसून झाल्यावर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवायला सुरुवात झाली. चौकटीतून जा, हात पसरा, स्त्रियांसाठी पडद्याआड सोय. हे सर्वांना सारखे. आमच्या कोकणातल्या, आखातात ये-जा करणाऱ्या माणसांना या रांगेचे कधी वाईट वाटले नाही. खरी धाकधूक पुढे, परक्या खिडकीपाशी, पारपत्रावरचे नाव मोठ्याने वाचले जाते तेव्हा.

झडतीतून सूट असलेल्यांची सरकारी यादीही आपल्याकडे आहे, माजी राष्ट्रपती तीत येतात. २१ एप्रिल २००९ रोजी दिल्लीतच एका अमेरिकन विमान कंपनीच्या माणसांनी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची रांगेत झडती घेतली, बूटही काढायला लावले. कंपनीचे म्हणणे, आमच्या नियमात कोणालाच सूट नाही. समतेच्या बाजूने पाहिले तर हे उत्तर आम्हाला खोडता येत नाही, हेही कबूल करू. जुलैत संसदेत गदारोळ झाला, मग कंपनीने माफी मागितली. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कला ते विमानात बसल्यावर त्यांचे जाकीट आणि बूट पुन्हा तपासायला नेले गेले. या वेळी माफी अमेरिकी सरकारने मागितली. कलामसाहेबांनी दोन्ही वेळा बूट काढून दिले आणि स्वतः तक्रार केली नाही.