राणीचा आवाज

रोम, 1938. जाड अस्तर लावलेलं दार तुमच्या मागे मिटतं आणि रस्त्यावरच्या ट्रामचा खडखडाट एकदम थांबतो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत जागेवरच उभे राहा. समोर लहानसा पडदा, मधोमध मायक्रोफोन, आणि त्याच्या अलीकडे कागद ठेवायला एक तिरका लाकडी स्टँड. त्याच्या कडेला इवलासा दिवा आहे, फक्त संवादांचा कागद दिसेल एवढाच. या स्टँडला इथे ‘लेज्जो’ म्हणतात.

लेज्जोपाशी चाळिशीची एक बाई उभी आहे. तीना लात्तान्झी. रोमच्या पूर्वेकडच्या डोंगरांतल्या लिचेन्झा गावात 1897 साली तिचा जन्म झाला. रंगभूमीवर नाव कमावून ती या अंधारात आली. रस्त्यात दिसली तर किती जण ओळखतील कुणास ठाऊक, पण तिने तोंड उघडलं की सगळं रोम मान वळवील. गेली काही वर्षं ग्रेटा गार्बो इटलीत हिच्या गळ्यातून बोलते आहे. मार्लेन डिट्रिश आणि जोन क्रॉफर्डही.

आज ती बोलणार आहे ती चितारलेल्या बाईसाठी. पडद्यावर डिस्नेच्या ‘हिमगौरी’तली राणी जादूच्या आरशासमोर उभी राहते, भुवई उंचावते, ओठ हलवते आणि नाहीशी होते. लगेच पुन्हा तीच राणी, तोच आरसा. दृश्याचा तुकडा कापून त्याची दोन टोकं एकमेकांना चिकटवली आहेत. या फितीच्या कड्याला ‘आनेल्लो’ म्हणतात आणि ते प्रोजेक्टरवर फिरत राहतं. सुरुवातीच्या फेऱ्यांना मूळ इंग्रजी आवाज येतो. मग तो बंद होतो आणि राणी मुकी होते.

लात्तान्झीकडे नीट बघा. ती कागदाकडे जवळजवळ पाहतच नाही. राणीचे ओठ कुठे मिटतात ते तिने हेरून ठेवलं आहे. प, ब, म उच्चारताना ओठ मिटतातच. पडद्यावर ते मिटले आणि तुमच्या शब्दात त्या जागी स्वर आला, तर शेवटच्या रांगेतल्या पोरालाही खोट कळते. म्हणून रूपांतरकाराने वाक्यं अर्थापुरती लिहिलेली नाहीत, ओठांच्या मापाने बेतली आहेत. राणी श्वास घेते तिथेच हिनेही घ्यायचा. ध्वनी थेट फिल्मवर, प्रकाशाच्या रेषेत उमटतो आहे. चुकलं तर तेवढी फिल्म वाया.

पुन्हा कडं फिरतं. या खेपेला ती बोलते. आवाज चढत नाही. खालच्या पट्टीत, सावकाश, आपल्या सौंदर्याबद्दल कसलीच शंका नसलेल्या बाईचा तो आवाज आहे, आणि शेवटच्या शब्दाला किंचित धार येते. तुमच्या अंगावर काटा येतो. आपल्याला पार्श्वगायनाची सवय आहे. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा याचं आपल्याला नवल नाही. पण इथे हसणं, दम खाणं, अडखळणं, गप्प बसणं, सगळंच उसनं द्यायचं असतं. तेही सूर-तालाच्या आधाराशिवाय.

हे सगळं इटलीत एवढ्या गांभीर्याने का होतं, ते कळायला आठ वर्षं मागे जा. 1930 च्या शरद ऋतूत मुसोलिनीच्या सरकारने पडद्यावर परकी भाषा बोलायला मनाई केली. परदेशी बोलपटांतले संवाद कापून पाट्या घातल्या गेल्या; प्रेक्षकांनी बोलपट बघायचा नव्हे, वाचायचा. मग अमेरिकेत बसून तिथल्या इटालियन मंडळींकडून आवाज भरून घेतले जाऊ लागले. गार्बोला पहिला इटालियन आवाज दिला तो फ्रान्चेस्का ब्राज्जोत्ती नावाच्या, अमेरिकेत राहणाऱ्या नर्तकीने. 1932 मध्ये रोमच्या चिनेस स्टुडिओत डबिंगची सोय झाली आणि 1933 च्या कायद्याने हे काम इटलीतच करण्याची सक्ती आली. हुकूमशाहीच्या एका संकुचित हट्टातून एक अस्सल कला जन्माला आली. ते श्रेय मी सरकारला देत नाही. ते अंधारात उभं राहून मान मोडेस्तोवर काम करणाऱ्या या नटनट्यांचं आहे.

आता 1938 मध्ये परत या, सिनेमा पुढे सरकला आहे. राणीने जादूचा काढा प्यायला, हात वाळले, केस पांढरे झाले. आणि लात्तान्झी मायक्रोफोनपासून दूर होते! तिच्या जागी दीना रोमानो येते, कारण इटलीत म्हातारी चेटकीण ही बोलणार आहे. मूळ इंग्रजीत दोन्ही आवाज लुसिल ला व्हर्न या एकाच नटीचे होते. हिमगौरीची तर इथे वाटणीच झाली आहे. बोलते ती चोविशीतली रोझेत्ता कालावेत्ता, गाते ती सोप्रानो लीना पाल्युगी. थिएटरात बसलेल्या लेकराला मात्र एकच हिमगौरी दिसणार. डिसेंबरात सिनेमा इटलीभर लागेल आणि घराघरांतल्या आया राणीची नक्कल करतील. ती नक्कल लात्तान्झीची आहे, हे बहुतेकींना माहीत नसेल. परदेशी सिनेमांच्या श्रेयनामावलीत आवाज देणाऱ्यांची नावं सहसा नसतातच.

जानेवारी 1939. परकी सिनेमांचं वितरण सरकारी मक्तेदारीत गेलं आणि चार मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी इटलीतून काढता पाय घेतला. ज्यांचं पोट हॉलिवूडच्या चेहऱ्यांवर होतं, त्यांच्या हातचं बरंचसं काम गेलं.

अशा वेळी आवाजाच्या माणसाला दुसरं दार कुठलं? एखाद्या स्वयंपाकघरात बसा, रेडिओ लावा. सरकारी नभोवाणी ‘एइआर’वर नाटक चालू आहे. इथे पडदा नाही, ओठ नाहीत, कड्याची पुन्हा फेरी नाही. नटमंडळी हातात संहिता घेऊन मायक्रोफोनभोवती उभी आहेत, आणि पानाची सळसळही घराघरांत पोचेल म्हणून कागद जपून उलटताहेत. डबिंगमध्ये बाई दुसरीच्या चेहऱ्याला बांधलेली असते. रेडिओवर तिला चेहराच स्वतःच्या आवाजातून उभा करावा लागतो. एकच नटी दोन्हीकडे काम करते, आणि मला वाटतं एक काम दुसऱ्याला धार लावतं. पण प्रसारण थेट आहे. शेवटचा शब्द संपतो आणि तो प्रयोग कायमचा जातो.

युद्धाची वर्षं ओलांडा. जून 1944 मध्ये रोम मुक्त झालं आणि त्याच वर्षी डबिंग कलाकारांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, ‘सीडीसी’. इतकी वर्षं अडलेले अमेरिकन सिनेमे लोंढ्यासारखे आले. लेज्जोवरचा दिवा विझायला सवड नाही. कालावेत्ता पुढे मेरिलिन मन्रोचा आवाज झाली. आणि 1950 मध्ये सिंड्रेलाच्या सावत्र आईच्या तोंडून तुम्हाला ती ओळखीची खालची पट्टी ऐकू येते.

एकदा 1972 मध्ये डोकवाच. हिमगौरी पुन्हा थिएटरात आली आहे. तुम्ही पुढे सरसावून बसता. राणी आरशापाशी येते, भुवई उंचावते, ओठ हलवते, आणि भलताच आवाज येतो. सगळं डबिंग नव्याने केलं आहे. राणी आता बेनिता मार्तिनीची. तीही गुणी नटी, तिच्यावर माझा राग नाही. पण चौतीस वर्षं ज्या आवाजाने एका देशाची मुलं घाबरली, तो एका नव्या ध्वनिपट्टीने थिएटरांतून हद्दपार झाला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी कुणाच्या तरी कपाटात राहते. इथे नव्या ध्वनिपट्टीखाली जुनी बुजून जाते. एवढ्यासाठीच तुम्हाला इतकं लांब यावं लागलं.

परतण्याआधी 1959 च्या डिसेंबरात थांबा. लात्तान्झीने बासष्टी गाठली आहे. ‘स्लीपिंग ब्यूटी’त राजकन्येच्या बारशाला हिरव्या ज्वाळांतून मॅलिफिसंट प्रकटते, इटलीत तिचं नाव मालेफिका. इंग्रजीत सिंड्रेलाची सावत्र आई आणि मॅलिफिसंट या दोघी एलिनॉर ऑडलीच्या, आणि ऑडलीही मुळात रेडिओवर मुरलेली. इटलीत या दोघी लात्तान्झीच्या वाट्याला आल्या. ती आमंत्रण न मिळाल्याबद्दल अतिशय सभ्यपणे बोलू लागते, जणू रागावलेलीच नाही. शाप उच्चारतानाही घाई करत नाही. हे डबिंग कुणी पुसलं नाही. 25 ऑक्टोबर 1997 ला, शंभरीला जेमतेम सहा आठवडे उरले असताना, तीना लात्तान्झी मिलानमध्ये वारली. त्या वर्षीही इटलीतल्या मुलांना मालेफिका तिच्याच आवाजात शाप देत होती.